फाटकावरचा उजेड : जोसेफ विर्शिंग यांचे छायालेखन

‘महल’विषयी कोणीही लिहायला बसले की एक वाक्य हमखास येते. जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी जर्मन अभिव्यक्तिवाद, म्हणजे तो तिरक्या सावल्यांचा, भयाकुल भिंतींचा चित्रपट, मुंबईत आणला आणि त्यातून ‘महल’ जन्मला. हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहिले आहे. एकदा एका चित्रपट मंडळाच्या स्मरणिकेत, एकदा एका साप्ताहिकात. दोन्ही वेळा कोणी हरकत घेतली नाही, कारण वाक्य दिसायला नीटस आहे. जर्मन माणूस, जर्मन सावली. गेली काही वर्षे विर्शिंग यांचे मिळतील ते चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मात्र ते वाक्य मला मागे घ्यावेसे वाटते.

आधी माझा अधिकार काय ते सांगतो, कारण तो फारसा नाही. चित्रपटाचे कोणतेही रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. कळव्यात स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे आल्बम, गणपतीत मंडळांचे ग्रुप फोटो, असे काम. पण तीसेक वर्षे माणसांच्या चेहऱ्यावर दिवे लावण्यात गेली आहेत, त्यामुळे पडद्यावरचा चेहरा पाहिला की दिवा कुठे असेल, किती उंचीवर असेल, समोरून भरणीचा उजेड किती दिला असेल, हे डोळा आपोआप शोधतो. या लेखातले बरेचसे म्हणणे त्या सवयीतून आले आहे.

विर्शिंग यांचा जन्म १९०३ चा, म्युनिकचा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९२५ मध्ये, ते पहिल्यांदा हिंदुस्थानात आले. हिमांशु राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीशी भागीदारी करून बुद्धचरित्रावरचा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट काढला, त्याच्या चमूत फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शक आणि विली किरमायर व विर्शिंग छायालेखक होते. चित्रीकरण आटोपून मंडळी परत गेली. ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हे राय-ऑस्टेन जोडीचे पुढचे दोन मूकपट विर्शिंग यांचे नाहीत. ते परतले थेट १९३४ च्या सुमारास. राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीजची उभारणी केली तेव्हा ऑस्टेन यांच्यासोबत जी जर्मन मंडळी आली, त्यांत ते होते. सजावटकार कार्ल फॉन स्प्रेटी हेही त्याच तुकडीतले. हेच स्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे ग्वाटेमालातले राजदूत झाले आणि १९७० मध्ये तिथल्या बंडखोरांनी त्यांचे अपहरण करून त्यांना ठार मारले. मालाडच्या सेटवर महिरपी आखणाऱ्या माणसाचा असा शेवट व्हावा, हे मला वाचताना चटकन पचले नव्हते.

आता ‘जर्मन’ या शब्दाकडे. जर्मन अभिव्यक्तिवाद म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो ‘कॅलिगारी’चा आणि ‘नोस्फेरातू’चा चित्रपट बर्लिनच्या परिसरातला. विर्शिंग आले म्युनिकहून. मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या चित्रसंस्था एका मापाने मोजता येत नाहीत, तसेच हे आहे. एमेल्काचा स्टुडिओ म्युनिकबाहेर गायझेलगास्टाइगला होता आणि त्या कंपनीचा जीव डोंगर, गावे, शेतकरी, उघडे आभाळ अशा विषयांत रमायचा. ऑस्टेन यांची कारकीर्दच अशा ग्रामीण, डोंगराळ कथांवर उभी होती. (ज्या १९२५ साली विर्शिंग जयपूरकडे हत्ती टिपत होते, त्याच साली आल्फ्रेड हिचकॉक नावाचा एक तरुण इंग्रज आपला पहिला चित्रपट याच एमेल्काच्या स्टुडिओत करत होता. सावल्यांचे कर्ज शोधायचेच असेल तर हिचकॉकच्या खात्यात शोधावे, तो बर्लिनलाही जाऊन आला होता.) विर्शिंग यांनी मुंबईला आणले ते म्युनिकचे शिक्षण: बाहेरचा उजेड ओळखणे, तो परतवून चेहऱ्यावर मऊ करून घेणे, आणि स्टुडिओत तोच मऊपणा दिव्यांनी पुन्हा घडवणे.

‘अछूत कन्या’ (१९३६) पाहा. आज त्याची प्रत सहज बघायला मिळते. सुरुवात रात्रीची आहे. एक मोटार रेल्वेच्या फाटकाशी येऊन थांबते, फाटक बंद, शेजारी एका बाईचे स्मारक, आणि तिथून कथा मागे जाते. मला हे फाटक जवळचे आहे. खारेगावचे फाटक उड्डाणपूल होईपर्यंत आम्हा कळवेकरांच्या आयुष्याचा केवढा तरी वेळ खाऊन बसले होते, आणि पारसिकच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडताना येणारा आवाज मी झोपेतही ओळखतो. असो. सांगायचे ते हे की, सावल्यांचा उस्ताद म्हणून ज्याची ख्याती, त्याला इथे पूर्ण मोकळीक होती. रात्र, रूळ, मृत्यू, स्मारक. सावल्यांसाठी याहून चांगला प्रसंग कोणता? आणि तरी मूळ कथा सुरू झाली की चित्रपट उजळतो आणि बराच काळ उजळलेलाच राहतो. कस्तुरी आणि प्रताप यांची झाडाखालची दृश्ये, खेड्यातला बाजार, घरांची अंगणे. सगळीकडे सारवलेल्या जमिनीसारखा एकसारखा उजेड आहे.

या उजेडाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. कस्तुरी ही फाटकवाल्या दुखियाची मुलगी, अस्पृश्य. देविका राणींच्या चेहऱ्यावर विर्शिंग यांनी जे दिवे लावले आहेत ते मात्र पडद्यावरच्या राणीचे आहेत. कोरलेल्या भुवया, केसांच्या कडेला मागून दिलेली रुपेरी रेघ, गालांवर सावलीचा मागमूस नाही. गावातली बाकीची माणसे उन्हात उभी असतात, ती मात्र स्वतःचे ऊन सोबत घेऊन फिरते. चित्रपट जातिभेदाविरुद्ध बोलतो, पण प्रकाशयोजना प्रेक्षकाला हळूच समजावते की ही मुलगी मुळात त्यांतली नाहीच. त्या काळच्या नायिकेला दुसरा कोणता दिवा लावणार, असा बचाव होऊ शकतो. पण पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘कुंकू’त व्ही. अवधूत यांनी शांता आपटे यांना घरातल्या उजेडात घरातलीच बाई राहू दिले आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर मालाड आणि पुण्यातला फरक पटकथेच्याही आधी डोळ्यांना कळतो. या एका बाबतीत मी निःसंकोच प्रभातच्या बाजूचा आहे.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवतो. अस्पृश्यतेविरुद्धचा हा चित्रपट दिग्दर्शित करणारे ऑस्टेन त्याच १९३६ मध्ये नात्सी पक्षाचे सदस्य झाले होते. मालाडच्या आवारात या दोन गोष्टी शेजारी नांदत होत्या.

१९३५ ते १९३९ या काळात विर्शिंग यांनी बॉम्बे टॉकीजसाठी लागोपाठ चित्रपट केले. ‘जवानी की हवा’, ‘जीवन नैया’, ‘जन्मभूमि’, ‘सावित्री’, ‘निर्मला’, ‘भाभी’, ‘दुर्गा’ आणि ‘कंगन’. सगळ्यांवर लिहावे असे सगळे नाहीत. ‘जवानी की हवा’ ही बहुतांशी आगगाडीत घडणारी खुनाची रहस्यकथा होती, म्हणजे विर्शिंग यांच्या मुंबईतल्या पहिल्याच चित्रपटात गाडी आली. ‘जीवन नैया’त अशोककुमार हा प्रयोगशाळेत काम करणारा तरुण ऐनवेळी नायक म्हणून उभा केला गेला. याचा जबडा फार रुंद आहे, हा नट व्हायचा नाही, असा शेरा ऑस्टेन यांनी मारल्याचे सांगतात. किस्सा खरा-खोटा कसाही असो, त्या जबड्याचा प्रश्न शेवटी सोडवला तो दिव्याने. आमच्या धंद्यात याला उपाय ठरलेला आहे: चेहरा थोडा वळवायचा आणि मुख्य दिवा पलीकडच्या गालावर ठेवायचा, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाजू मवाळ सावलीत जाऊन चेहरा निमुळता दिसतो. अशोककुमार या काळात किती वेळा किंचित वळून उभे आहेत ते कोणीही पडताळून पाहावे. ‘कंगन’ची नायिका लीला चिटणीस. धारवाडच्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या या सुशिक्षित नटीला बॉम्बे टॉकीजने देविका राणींनंतरचा मोठा चेहरा बनवले. पुढे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या याच लीलाबाई. ‘कंगन’चे साल १९३९. महायुद्धाचेही तेच.

युद्ध जाहीर झाले आणि हिंदुस्थानातले जर्मन नागरिक एका रात्रीत शत्रू ठरले. त्यांच्यासाठीच्या छावण्यांच्या यादीत आपल्या ओळखीची नावे आहेत: अहमदनगर, देवळाली, मग लांबचे डेहराडून. तिबेटच्या प्रवासामुळे प्रसिद्ध झालेला हाइनरिश हारर याच वाटेने डेहराडूनला पोचला आणि तिथून निसटला. ऑस्टेन काही महिन्यांत सुटून जर्मनीला परतले आणि पुन्हा आले नाहीत. मे १९४० मध्ये हिमांशु राय वारले. विर्शिंग यांची युद्धाची वर्षे छावण्यांत गेली. छत्तिसाव्या वर्षी, छायालेखकाचा हात सर्वांत पक्का असण्याच्या वयात, कॅमेरा हातातून गेला.

आणि मालाडमध्ये काय झाले? माझ्या मते विर्शिंग यांच्या कारकिर्दीचे खरे मोजमाप इथे आहे, आणि ते फारसे कोणी करत नाही. स्टुडिओ थांबला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले आर. डी. परींजा कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि काम चालू राहिले. १९४३ चा ‘किस्मत’, जो कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून अधिक चालला, तो परींजांच्या कॅमेऱ्याचा आहे. ‘किस्मत’मधला अशोककुमारचा पाकीटमार बघताना चेहऱ्यावरची ती मऊ, मोजून दिलेली सावली ओळखीची वाटते. गुरू तुरुंगात आणि घराण्याची गायकी चालू, असा काहीसा प्रकार. परदेशी तंत्रज्ञांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते: एक तर त्यांनी आपल्याला सगळे शिकवले, नाही तर त्यांनी आपल्या लोकांच्या जागा अडवल्या. परींजांच्या उदाहरणात दोन्ही बसत नाही. शिकवणारा शत्रू म्हणून उचलला गेला, आणि शिकलेल्याने त्या काळातला सर्वांत मोठा यशस्वी चित्रपट टिपला. परींजांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. मराठीत तो अजून माझ्या वाचनात आलेला नाही.

आता ‘महल’ (१९४९). बॉम्बे टॉकीज तोवर अशोककुमार आणि सावक वाच्छा यांच्या हाती आली होती, स्टुडिओची आर्थिक कुतरओढ चालू होती. दिग्दर्शक कमाल अमरोही, त्यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. संकलन बिमल रॉय यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, नायिका सोळा वर्षांची मधुबाला. कॅमेऱ्यामागे सेहेचाळीस वर्षांचे विर्शिंग. अलाहाबादजवळच्या जुन्या हवेलीत नवा मालक येतो, भिंतीवर स्वतःच्याच चेहऱ्याचे चित्र पाहतो, घड्याळात दोन वाजतात आणि बाईचा गाण्याचा आवाज येतो. ज्या गाण्याने लता मंगेशकर हे नाव देशभर झाले ते हे गाणे. ते ध्वनिमुद्रित करताना लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभे करून गात गात जवळ यायला लावले होते, हे आता सर्वश्रुत आहे. मला त्यात रस वेगळ्या कारणाने आहे. विर्शिंग यांनी प्रकाशाशी नेमके तेच केले आहे. गाणाऱ्या बाईचा चेहरा सहजासहजी हाती लागत नाही. झोपाळ्यावर बसलेली आकृती, सरकणारे वस्त्र, मग उजेडाचा एक तुकडा, मग पुन्हा काळोख. आवाज लांबून जवळ येतो तसा चेहरा काळोखातून थोडा थोडा सुटतो.

‘अछूत कन्या’ आणि ‘महल’ यांत दिसायला केवढा फरक! पण स्टुडिओत दिवे लावणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तो फरक एका दिव्याचा आहे. चेहऱ्याला साधारण तीन दिवे लागतात: एक मुख्य, एक मागून केसांवर, आणि एक समोरून, सावल्या भरून काढणारा. १९३६ मध्ये विर्शिंग तिसरा दिवा सढळ हाताने वापरतात. १९४९ मध्ये तो जवळजवळ विझवून टाकतात. मुख्य दिवा तोच, मागचाही तोच; मधुबालाच्या केसांवरची रुपेरी रेघ देविका राणींच्या केसांवरच्या रेघेची सख्खी बहीण आहे. बदलली ती भरणी. त्यासाठी बर्लिनपर्यंत जाण्याची गरज नाही. अभिव्यक्तिवाद हा जर विर्शिंग यांचा जन्मजात वारसा असता, तर १९३५ ते १९३९ या पाच वर्षांत तो कुठे दडून बसला होता? तेव्हा तर म्युनिक सोडून त्यांना फार काळ झाला नव्हता, शेजारी जर्मन दिग्दर्शक होता, जर्मन सजावटकार होता. जर्मनपणा सर्वांत ताजा होता तेव्हा सावल्या सर्वांत कमी आहेत, आणि पंधरा वर्षे इथे काढल्यावर त्या दाटल्या आहेत. तेव्हा या सावल्यांचा उगम मुंबईत शोधणे बरे: अमरोहींच्या लखनवी विरहाच्या कल्पनेत, मुंबईच्या चित्रपटगृहांत त्या दशकात येऊन गेलेल्या अमेरिकी रहस्यपटांत, आणि हेही म्हणायला हरकत नाही की स्टुडिओच्या रिकाम्या तिजोरीत. काळोखात सेटची निम्मी भिंत रंगवावी लागत नाही. हे मी विनोदाने म्हणत नाही, कमी खर्चात लग्नाचा मंडप भव्य दाखवायचा असेल तर आम्हीही आजूबाजूचे दिवे बंदच करतो.

छावणीतल्या वर्षांनी माणूस काळवंडला आणि म्हणून चित्र काळवंडले, असे एक स्पष्टीकरण मनात येते. मलाही आले होते. पण ‘महल’नंतरची कामे ते टिकू देत नाहीत. १९६० च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’त विर्शिंग पुन्हा उजेडात येतात. निर्मिती अमरोहींची, दिग्दर्शन किशोर साहू यांचे, कथा इस्पितळातली, मीनाकुमारी परिचारिका. म्हणजे पांढरा गणवेश, पांढऱ्या चादरी, पांढऱ्या भिंती. कृष्णधवल फिल्मवर पांढऱ्यावर पांढरे टिपणे हे सावलीपेक्षा अवघड काम आहे. ठाण्यातल्या चर्चमधली लग्ने ज्याने टिपली आहेत त्याला हे विचारा: वधूच्या झग्यावरची नक्षी उजेड जरा जास्त झाला की सपाट पांढरा डाग होऊन जाते. विर्शिंग यांच्या परिचारिकेच्या गणवेशाला घड्या आहेत, कडक इस्त्री आहे आणि तरी ती वॉर्डातल्या भिंतीत विरघळत नाही. सावल्यांचा उस्ताद म्हणून ज्यांना बसवून ठेवले, त्यांची मला वाटते सर्वांत अवघड कामगिरी या चित्रपटात आहे, आणि तिच्याविषयी जवळजवळ कोणी बोलत नाही.

मग ‘पाकीजा’. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू झाला तेव्हा कृष्णधवल होता. मग रंगीत झाला, मग सिनेमास्कोप. अमरोही आणि मीनाकुमारी १९६४ मध्ये विभक्त झाले आणि चित्रपट रेंगाळला. जून १९६७ मध्ये विर्शिंग मुंबईत वारले. चौसष्टाव्या वर्षी. १९६९ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, बऱ्याच छायालेखकांच्या हातांनी ते पुरे केले, आणि ४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीजा’ पडद्यावर आला, तेव्हा छायालेखक म्हणून नाव विर्शिंग यांचे होते. मी तो पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात ठाण्यात मॅटिनीला पाहिला. प्रत ओरखडलेली होती, रंग उडालेले होते. तरी कोठ्याच्या गच्चीवर मीनाकुमारी नाचते आणि मागे दूरपर्यंत एकेका खिडकीत, एकेका सज्ज्यात दुसरी कोणी नाचते आहे, ही खोली तेव्हाही दिसली. रुंद पडद्याच्या त्या काळात बहुतेकांनी रुंदी भरण्यासाठी माणसे रांगेत उभी केली. इथे रुंदीला खोली दिली आहे. सज्ज्यासज्ज्यात वेगळा दिवा आहे, आणि समोरच्या चेहऱ्यावर मात्र तोच जुना, मऊ, मालाडचा उजेड.

‘पाकीजा’त कोणते दृश्य विर्शिंग यांचे आणि कोणते त्यांच्यानंतरच्यांचे, यावर चित्रपटवेड्यांचे वाद रंगतात. रंगोत. मला महत्त्वाचे हे वाटते की वाद घालावा लागतो. सांधा दिसत असता तर वाद झाला नसता. ‘किस्मत’मध्ये जे झाले तेच इथे पुन्हा झाले: माणूस बाजूला झाला, उजेड चालू राहिला. त्या काळच्या स्टुडिओंमध्ये शैली ही एका माणसाच्या सहीसारखी नसून सोनाराच्या पेढीवरच्या घडणावळीसारखी होती. पेढीच्या नावाने दागिना ओळखला जायचा, कारागीर बदलले तरी. आज आपण प्रत्येक चौकटीवर एकेक सही शोधतो आणि ती सापडली नाही की देश शोधतो. ‘जर्मन सावली’ हा शब्द त्यातून आला.

मराठी चित्रपट-इतिहासात विर्शिंग यांना जागा नाही. आपला इतिहास फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात असा सरळ येतो; पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला, याचा अभिमान योग्यच आहे. पण मालाडचे आवार जणू परराज्यात होते अशा थाटात आपण त्याला वळसा घालतो. कळव्याहून मालाडला जायला दादरला गाडी बदलावी लागते, एवढेच. मी दोनदा जाऊन आलो. जिथे फ्लोअर होते तिथे लहान लहान कारखान्यांची गाळेवजा वस्ती आहे, जुन्या इमारतीच्या भिंतींतून पिंपळ उगवले आहेत. तिथल्या चहावाल्याला बॉम्बे टॉकीज हे नाव बस थांब्यासाठीचे वाटत होते.

विर्शिंग यांनी काढलेली स्थिरचित्रे मात्र वाचली. ती घरच्यांनी जपली, आणि २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांचे प्रदर्शन झाले. २०२३ मध्ये देवश्री मुखर्जी यांनी संपादित केलेला ग्रंथही निघाला. बॉम्बे टॉकीजचा इतका जवळचा दस्तऐवज दुसरा नाही. त्यांत नटनट्या आहेतच. पण माझी नजर अडकते ती चित्रीकरण चालू असतानाच्या चित्रांवर, जिथे छायालेखकाने आपलाच कॅमेरा, आपलेच दिवे आणि ते हलवणारी माणसे टिपली आहेत. मी ती भिंगाखाली घेऊन पाहतो. दिवे कुठे ठेवले आहेत ते मोजतो. तिसरा दिवा बहुधा चौकटीच्या डाव्या हाताला असतो.